साल, कोय आणि बोंडू कुणाच्या मालकीचे?

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी होतो. आंब्याचा हंगाम संपत आला होता. पेटीचा आंबा मुंबई-पुण्याला जाऊन चुकला होता आणि डागी, बारका, गळलेला असा उरलासुरला माल किलोवर कॅनिंगला चालला होता. एका सकाळी फिरायला निघालो असता पऱ्याच्या काठी एक टेम्पो उभा दिसला. मागचे फळके उघडून दोन मुले फावड्याने आंब्याच्या साली आणि कोयी पाण्यात ढकलीत होती. जवळच्या एका प्रक्रिया कारखान्याचा तो माल होता. खाली पाण्यावर पिवळा फेस आला होता आणि माश्यांमुळे उभे राहवत नव्हते. पऱ्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत, त्या घरांतील बायका आठ दिवस पाणी दुसरीकडून आणीत होत्या. ‘हा कचरा येथे का टाकता?’ असे विचारले तेव्हा त्यांतील थोरला मुलगा म्हणाला, ‘काका, मग टाकायचा कुठे?’

त्या मुलाला उत्तर देण्याची जबाबदारी त्याची नव्हती, कारखानदाराची होती. आणि कारखानदारापेक्षाही अधिक, ज्या अर्थव्यवस्थेत हा कारखाना चालतो त्या व्यवस्थेची होती. तीस-बत्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला तरी हा प्रश्न टाळता येऊ नये. या लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

कचरा ही निसर्गाची वस्तू नव्हे

निसर्गात कचरा नावाचा पदार्थ नाही. कचरा ठरतो तो हिशेबाच्या वहीत. कोकणातल्या जुन्या घरात फळाचा कोणता भाग वाया जात असे? आंब्याच्या रसाची साठे होत, कच्च्या कैरीचे आमचूर आणि लोणचे होई, साली गुरांपुढे जात, कोयी चुलीत भाजून मुले आतला गर खात. फणसाचे गरे संपले की आठळ्या वाळूत पुरून पावसाळ्याच्या भाजीसाठी ठेवल्या जात. कोकमाच्या सालीचे आमसूल, रसाचे आगळ, आणि बियांचे भिरंडेल. थंडीत फुटलेल्या टाचांवर त्याहून चांगले औषध आमच्या आजीला ठाऊक नव्हते. नारळाच्या तर शेंडीपासून करवंटीपर्यंत सर्व अंगांना काम होते. हे शहाणपण कुणी शाळेत शिकविले नव्हते. गरिबीने आणि श्रमाच्या किमतीच्या जाणिवेने ते शिकविले होते.

मग फळ घरातून कारखान्यात गेले आणि हिशेब बदलला. कारखान्याला हवा होता रस. रस डब्यात जातो, डबा बाजारात जातो, बाजारातून पैसा येतो. बाकीचे सारे ‘उरलेले’ झाले. एक टन आंब्यातून साधारणतः तीनशे ते चारशे किलो साल, कोय आणि चोथा निघतो. म्हणजे शेतकऱ्याने वर्षभर राखलेल्या, फवारलेल्या, माकडांपासून वाचविलेल्या आणि घळाने एकेक करून उतरविलेल्या मालाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग कारखान्याच्या मागच्या दाराने ओढ्यात जातो.

अर्थशास्त्राला हा विषय नवा नाही. एकाच उत्पादनक्रियेतून दोन वस्तू निघतात तेव्हा त्यांच्या किमती कशा ठरतात, याचे विवेचन मार्शलने १८९० मध्ये ‘संयुक्त पुरवठा’ या कल्पनेने केले. मेंढीबरोबर लोकर आणि मांस, गव्हाबरोबर पेंढा, ही त्याची उदाहरणे आमच्या पिढीने परीक्षेसाठी पाठ केली. मार्क्सने तर ‘भांडवला’च्या १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात उत्पादनाच्या टाकाऊ अवशेषांच्या उपयोगावर एक स्वतंत्र प्रकरणभाग लिहिला आहे. अवशेषांचा उपयोग होण्यासाठी त्याने सांगितलेल्या अटी आजही जशाच्या तशा लागू पडतात: अवशेष एका जागी मोठ्या प्रमाणात जमले पाहिजेत, यंत्रे सुधारली पाहिजेत आणि विज्ञानाने, विशेषतः रसायनशास्त्राने, त्यांतील उपयुक्त गुण शोधून काढले पाहिजेत. यांपैकी दुसरी आणि तिसरी अट आपल्या देशात केव्हाच पुरी झाली आहे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून काम करीत आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. ज्ञानाची वाण नाही. अडले आहे ते पहिल्या अटीपाशी, आणि ती अट तंत्रज्ञानाची नसून मालकीची व संघटनेची आहे.

कोयीच्या दोन गती

आता कोयीचाच हिशेब मांडून पाहू. कोय फोडली की आत गर असतो. तो वाळविला तर त्यात वजनाच्या सुमारे सात ते बारा टक्के घट्ट तेल असते. या तेलाचे गुण कोको बटरशी इतके जुळतात की युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निदेश काढला, त्यात कोको बटरखेरीज पाच टक्क्यांपर्यंत वापरण्यास परवानगी असलेल्या सहा वनस्पतिज स्निग्ध पदार्थांची यादी दिली. त्या सहांत आंब्याच्या कोयीचे तेल आहे, कोकमाचे आहे आणि आपल्या जंगलातील सालबियांचेही आहे. आमच्या पऱ्यात जे वाहून जाते आणि आमच्या आजीने टाचांना जे चोळले, ते ब्रुसेल्सच्या कायद्यात नाव घेऊन बसले आहे!

पण उत्साहाच्या भरात आकडे फुगवू नयेत. एक टन आंब्यातून सुमारे दीडशे किलो कोयी निघतात. त्यांतून ओला गर निघेल पंचाहत्तर-ऐंशी किलो. वाळल्यावर तो उरेल चाळीसेक किलो, आणि त्याचे तेल होईल जेमतेम चार किलो. पाचशे टन आंबा घेणाऱ्या लहान कारखान्याला सबंध हंगामात दोन टन तेल मिळेल. दोन टनांसाठी कुणी यंत्र बसविणार नाही. आणि म्हणून कारखानदार जेव्हा ‘आम्हाला परवडत नाही’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्यातून गर ओला राहिला की त्याला बुरशी येते, तेल खवट होते. मे महिन्याच्या शेवटी आभाळ भरून येऊ लागते, तेव्हा उन्हावर विसंबता येत नाही. वाळवणीची सोय हवी, आणि ती काही दिवसांतच हवी.

परंतु समजा, एका जिल्ह्यातील सर्व कारखान्यांचा मिळून वीस हजार टन आंबा आहे. तर तेच तेल ऐंशी टन होते, आणि वर सालींचा डोंगर उभा राहतो. वाळलेल्या सालीत दहा टक्क्यांहून अधिक पेक्टिन असते. जॅम आणि जेली घट्ट करणारा हा पदार्थ आपला देश मोठ्या प्रमाणात परदेशांतून विकत घेतो. जॅमचा कारखाना एका दाराने साली फेकतो आणि दुसऱ्या दाराने आयात पेक्टिनच्या पिशव्या आत घेतो, हे दृश्य आपल्या औद्योगिक धोरणावर वेगळे भाष्य करण्याची गरज ठेवीत नाही. तेल आणि पेक्टिन काढून जे उरेल त्याचा गॅस होईल, गॅसनंतर जे उरेल त्याचे खत होईल आणि ते पुन्हा कलमांच्या बुडाशी जाईल. म्हणजे जे एकट्याला परवडत नाही ते सर्वांना मिळून परवडते. सहकाराचे याहून साधे समर्थन मला माहीत नाही.

कोयीची दुसरी गतीही सांगितली पाहिजे. २००१ च्या पावसाळ्यात ओडिशातील रायगडा जिल्ह्याच्या काशीपूर भागात अनेक आदिवासी दगावले. त्यांच्या पोटात कोयीच्या गराची पेज गेली होती. भुकेने मृत्यू आले असे कार्यकर्ते म्हणत होते; भुकेने नव्हे, बुरशी आलेल्या कोयीच्या विषबाधेने आले, असे सरकार म्हणत होते. जणू काही भरल्या घरचा माणूस बुरशी आलेली कोय हौसेने खातो! त्याच वर्षी देशाच्या सरकारी गोदामांत सुमारे सहा कोटी टन धान्य पडून होते. २०२४ च्या अखेरीस ओडिशातच कंधमाल जिल्ह्यात कोयीच्या पेजेने पुन्हा बळी घेतले. एकच कोय. कुणाच्या ती चॉकलेटात जाते, कुणाच्या ओढ्यात, आणि कुणाच्या रिकाम्या पोटात. कोयीच्या अंगी असलेल्या गुणांनी हे ठरत नाही. ती कुणाच्या हातात आहे, यावर ते ठरते.

बोंडू आणि बायकांचे हात

काजूची कहाणी याहून बोलकी आहे. काजूबीच्या वजनाच्या पाच ते आठपट वजनाचा बोंडू झाडावर येतो. त्यात संत्र्याहून कितीतरी अधिक जीवनसत्त्व ‘क’ असते. आणि आपल्याकडे होते काय? बी पिळून काढायची आणि बोंडू झाडाखाली टाकून द्यायचा. फार तर गुरे खातात. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण कोकणातल्या कोणत्याही काजूबागेत गेलात तर आंबूस वास प्रथम स्वागताला येतो. महाराष्ट्र देशातील अग्रगण्य काजू उत्पादक राज्यांपैकी एक आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. बोंडू टाकून देण्यातही आपण तितकेच अग्रगण्य आहोत, हे मात्र कुणी सांगत नाही.

शेजारच्या गोव्याने निदान एक मार्ग टिकवून धरला. तेथे बोंडूचा निरो निघतो, हुर्राक होते, फेणी होते. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या सरकारलाही २०२२ मध्ये जाग आली. पण जाग आली ती कशी? बोंडू आणि मोहाच्या फुलांपासून होणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय झाला! सावंतवाडीचा बोंडू आणि गडचिरोलीचा मोह, दोघेही एका ठरावाने विदेशी झाले. याआधी २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वाइनला करसवलती दिल्या होत्याच. फळ म्हटले की राज्यकर्त्यांच्या कल्पनाशक्तीला दारूच्या पलीकडे काही दिसू नये, हे खेदजनक आहे. बाटलीला माझा विरोध केवळ सोवळेपणाचा नाही. दारूच्या धंद्यात परवाना लागतो, परवान्याला वशिला लागतो, आणि वशिला काजूबागेतल्या कुणब्याकडे नसतो. बोंडूचा रस तुरट लागतो; पण तांदळाची किंवा साबुदाण्याची पेज घालून तो निवळता येतो, हे कृषी संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्याचे सरबत होते, शिरका होतो, मुरंबा होतो, चोथ्याचे पशुखाद्य होते. अडचण एवढीच की गळलेला बोंडू दिवसभरात आंबू लागतो. तेव्हा प्रक्रिया गावातच, बागेपासून हाकेच्या अंतरावर झाली पाहिजे. याला मोठा उद्योगपती लागत नाही, गाव लागते.

काजूच्या टरफलाचा मात्र कचरा होत नाही. का होत नाही? कारण त्याच्या तेलाला गिऱ्हाईक आहे. मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरापासून रंग आणि रेझिनपर्यंत ते तेल लागते. तेव्हा टरफले जपून पोत्यात भरली जातात, विकली जातात. हेच तेल काजू फोडणाऱ्या बायकांचे हात जाळते. त्यांची बोटे काळी पडतात, कातडी सोलते. आमच्या गावाजवळच्या एका कारखान्यात काम करणारी बाई मला म्हणाली, ‘काका, लग्नकार्यात पंक्तीत वाढायला उभं राहायची लाज वाटते.’ हातमोजे मिळत नाहीत का, असे विचारले. मिळतात, पण मोजे घालून फोड कमी होते आणि मजुरी किलोवर आहे. म्हणजे टरफलाच्या तेलाचा पैसा मालकाच्या खात्यावर आणि त्याच तेलाचे डाग बाईच्या बोटांवर. उपपदार्थाला बाजार मिळाला की सारे प्रश्न सुटतील असे ज्यांना वाटते, त्यांनी हे हात पाहावेत. बाजार मिळाल्याने कचऱ्याचा माल होतो. पण मालातला वाटा न्यायाने मिळतोच असे नाही.

उसाला जे मिळाले

येथे आपल्याच राज्यातील एक उदाहरण आठवते. साखर कारखान्यात साखरेखेरीज मळी, बगॅस आणि प्रेसमड निघते. एके काळी मळीची विल्हेवाट कशी लावायची हीच चिंता असे. पुढे मळीपासून मद्यार्क झाला, बगॅसवर वीज झाली आणि कागद झाला, प्रेसमडचे खत झाले. तेव्हा प्रश्न उभा राहिला की या उत्पन्नावर ऊस पिकविणाऱ्याचा हक्क आहे की नाही? शेतकरी चळवळींनी हा प्रश्न रस्त्यावर लढविला. २०१२ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने शिफारस केली की साखर आणि उपपदार्थ यांच्या मिळून उत्पन्नातील सत्तर टक्के वाटा ऊस उत्पादकाचा असावा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदराच्या विनियमनाचा कायदा केला तो याच उत्पन्नवाटपाच्या तत्त्वावर. त्याची अंमलबजावणी कशी होते, हिशेबात काय लपविले जाते, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याविषयी शेतकरी संघटनांच्या तक्रारी खोट्या नाहीत. पण तत्त्व कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले: शेतकरी कारखान्याला केवळ साखर देत नाही, चिपाडही देतो, आणि चिपाडाच्या उत्पन्नातही त्याचा वाटा आहे.

मग माझा प्रश्न साधा आहे. उसाच्या चिपाडावर शेतकऱ्याचा हक्क, तर आंब्याच्या कोयीवर का नाही? काजूच्या टरफलावर का नाही? कोकमाच्या बीवर का नाही? कॅनिंगच्या आंब्याचा दर कारखानदार ठरवितो, हंगामाच्या शेवटी तो उतरवितो, आणि बागायतदार नाशवंत माल घेऊन दारात उभा असतो, म्हणून तो मुकाट्याने स्वीकारतो. या दरात कोयीचा भाव धरलेला नसतो. उलट वजनात कोय धरली असल्याची तक्रार कारखानदारच करतो!

आक्षेपांचा विचार

यावर पहिला आक्षेप येईल तो मालकीचा. कारखानदार म्हणेल, ‘मी आंबा विकत घेतला तेव्हा कोयीसकट घेतला. कोय माझी, मी तिचे काय वाटेल ते करीन.’ ठीक आहे. कोय तुमची असेल तर कोयीची घाणही तुमची. ती गावाच्या पाण्यात का? जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून या देशात आहे. नफ्याच्या वेळी मालमत्ता खाजगी आणि घाणीच्या वेळी ओढा सार्वजनिक, ही मालकीची व्याख्या कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही. आज विहिरीवरून परत फिरणाऱ्या बाईची पायपीट ही त्या कारखान्याच्या उत्पादनखर्चातीलच एक रक्कम आहे. फक्त ती त्याच्या ताळेबंदात दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. ते म्हणतात, ‘कोकणात सहकार रुजत नाही. आणि जेथे रुजला तेथे त्याचे काय झाले ते पाहा.’ हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास जो सहकारी कारखाना उभा केला, त्याच्या मुळाशी शेतकऱ्याला केवळ कच्चा माल पुरविणारा न ठेवता प्रक्रियेचा मालक करण्याची दृष्टी होती. गोखले अर्थशास्त्र संस्थेचा विद्वान संचालक खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, ही घटना आज दंतकथा वाटावी इतकी आपली अवनती झाली आहे. पुढे त्याच सहकारातून सरंजामदार निपजले, कारखाने आजारी पाडून स्वस्तात विकले गेले आणि काही ठिकाणी विकणारे व घेणारे एकाच घरातले निघाले. हे सर्व मान्य करूनही मी म्हणतो, रोगावर उपाय करावा, रोग्याला टाकून देऊ नये. कोकणातील जमीनधारणा लहान, तरुण मुंबईला, घर मनिऑर्डरीवर, अशी जी पूर्वापार स्थिती होती तिनेच सहकाराचे मूळ धरू दिले नाही. पण तीच स्थिती बदलायची तर गावात उत्पन्नाचे साधन उभे राहिले पाहिजे, आणि एकेकट्याच्या पन्नास कलमांतून ते उभे राहणार नाही.

तिसरा आक्षेप सरकारी आहे; खरे तर तो आक्षेप नसून घोषणा आहे. ‘कचऱ्यातून संपत्ती’, ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशा फलकांखाली बचत गटांच्या बायकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते, आंब्याच्या सालीची वडी करून दाखविली जाते, प्रमाणपत्र आणि छायाचित्र यांचा कार्यक्रम होतो आणि अधिकारी जेवून जातात. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत वैयक्तिक उद्योगाला पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान आहे. गटांच्या सामायिक सुविधांसाठीही तीत तरतूद आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण अनुदान कर्जाला जोडलेले आहे, आणि बँकेच्या दारात ज्याच्या नावावर सात-बारा त्याचेच चालते. काजू फोडणाऱ्या बाईच्या नावावर काय आहे? काळी पडलेली दहा बोटे. तिने वडी करून विकावी आणि तेल, पेक्टिन, रेझिन यांचा खरा धंदा ज्याच्याकडे भांडवल आहे त्याने करावा, अशी ही श्रमविभागणी आहे. स्वावलंबनाच्या गोड नावाखाली गरिबांच्या वाट्याला उद्योगाचा चोथा येतो.

काय मागायचे

केवळ टीका करून थांबणे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो.

पहिली, फळप्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक परवानाधारक कारखान्याने किती फळ घेतले, किती साल, कोय, टरफल व चोथा निघाला आणि तो कुठे गेला, याची नोंद दर हंगामाला जाहीर करावी. आज हा आकडाच गावासमोर नाही, आणि ज्याचा आकडा नाही त्यावर हक्क सांगता येत नाही.

दुसरी, उसाच्या धर्तीवर आंबा, काजू आणि कोकम यांच्या उपपदार्थांच्या उत्पन्नात उत्पादकाचा वाटा कायद्याने ठरवावा. ऊस आणि आंबा यांत फरक आहेत. कॅनिंगला क्षेत्रबंधन नाही, कारखाने लहान आहेत, व्यवहार तोंडी होतात. म्हणून सूत्र वेगळे असेल. पण तत्त्व वेगळे असण्याचे कारण नाही.

तिसरी, तालुक्याला एक संकलन व वाळवण केंद्र आणि जिल्ह्याला एक तेल व पेक्टिन कारखाना, उत्पादक आणि कामगार यांच्या सहकारी मालकीचा, उभा राहावा. तंत्रज्ञान दापोली आणि म्हैसूरने द्यावे. ते जनतेच्या पैशातूनच निर्माण झाले आहे. सरकारने भांडवल द्यावे, पण अध्यक्ष देऊ नये. आमदाराच्या पुतण्याला संचालक करण्याची वहिवाट मोडायची तर प्रत्येक मंडळात निम्म्या जागा प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांच्या असाव्यात. राज्य सरकारने २०२३ मध्ये काजू मंडळाचा निर्णय घेतला. काजू फोडणारीचा आवाज त्या मंडळात किती, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

चौथी, टरफलाच्या तेलाच्या उत्पन्नातून कामगार बायकांच्या हातांचे संरक्षण, औषधोपचार आणि मजुरीतील वाढ यांसाठी निश्चित भाग बाजूला काढावा. मोजे घातल्याने मजुरी कमी होत असेल तर दोष मोज्यांचा नाही, किलोवरच्या मजुरीचा आहे.

पाचवी, तोवर पऱ्यात आणि ओढ्यात साल-कोय टाकणे ताबडतोब थांबावे, आणि ज्याने टाकले त्याच्याकडूनच सफाईचा व विहिरी स्वच्छ करण्याचा खर्च वसूल व्हावा. यासाठी नवा कायदा नको. आहे तो वापरण्याची इच्छा हवी.

या मागण्या क्रांतिकारक नाहीत, हे मला ठाऊक आहे. काही तरुण मित्र म्हणतील की प्रोफेसरांची मजल शेवटी कोयीपर्यंतच गेली. त्यांना एवढेच सांगतो की सत्ता कुणाची हा प्रश्न जितका विधानसभेत सुटतो, तितकाच तो वजनकाट्यावर आणि वाळवणाच्या अंगणात सुटतो. ज्या बागायतदाराला आपल्या कोयीचा हिशेब मागता येत नाही, तो उद्या आपल्या आमदाराकडून कशाचा हिशेब मागणार? आणि जी बाई आपल्या जळलेल्या बोटांची किंमत सांगू शकते, तिला पुढचे राजकारण शिकवावे लागत नाही.

आमच्या गावी पुढच्या मे महिन्यात तो टेम्पो पुन्हा पऱ्यावर येईल. आपल्या पक्षाच्या तालुका शाखांनी त्याआधी दोन कामे करावीत. ग्रामसभेत या विषयाचा ठराव मांडावा आणि बागायतदार, काजू कामगार व पऱ्याकाठच्या घरांतील बायका यांना एका बैठकीला बसवावे. हे तिघे आजवर एकमेकांना परके राहिले, यातच कारखानदाराचे फावले. ‘मग टाकायचा कुठे?’ या त्या मुलाच्या प्रश्नाला ‘येथे टाकू नको’ हे उत्तर पुरेसे नव्हते, हे मी तेव्हाच ओळखले होते. जेथे टाकायचा ती जागा उभी करणे आपल्या हाती आहे. आणि ती उभी राहील तेव्हा टाकणे हा शब्दच गळून पडेल.